गल्लीपलीकडचा खांब

१२ जून

ढब्बू,

मुख्य आखणीकाराला असल्या नावाने हाक मारू नये, हे मला कळतं. पाकिटावर तुझं पद, खातं, मजला सगळं रीतसर लिहिलंय. आत काय लिहायचं तो माझा प्रश्न. मेसेजच पाठवणार होते, पण मेसेज तू वाचतोस आणि उत्तर देत नाहीस हे त्या दोन निळ्या खुणांवरून दिसतं, आणि मग दिवसभर माझं डोकं तापलेलं राहतं. पत्राला तशी सोय नाही. चार वर्षांनी लिहितेय म्हणून भांडण मिटवायला लिहितेय, असंही समजू नकोस. भांडण जागच्या जागी आहे. काम वेगळं आहे.

सोमवारपासून शाळेच्या मागच्या भिंतीला खेटून तुमचं एक यंत्र उभं आहे. जमिनीत नळी ठोकतात आणि खालची माती काढून बघतात, ते. लोखंडाचं वजन वर जातं, धाडकन खाली येतं, पुन्हा वर. आवाजाने कान किटले असं गणिताच्या बाई म्हणतात. आमच्याकडे ऐकू येणाऱ्या त्या आणि शिपाई, एवढेच, त्यामुळे कानांचं फारसं नुकसान झालेलं नाही. पण जमिनीचं काय?

आमची शाळा कशी चालते ते तुला सांगायला नको. तरी सांगते, कारण हे तुला ऑफिसात कुणाला तरी वाचून दाखवावं लागेल. सत्तर मुलं. एकालाही ऐकू येत नाही आणि त्यांच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मलाही नाही. खाली फळ्यांची जमीन आहे. मी पाय आपटला की थरथर मुलांच्या तळव्यांतून वर जाते आणि सगळी डोकी माझ्याकडे वळतात. एकदा आपटला तर इकडे बघा. दोनदा आपटला तर बसा. सारखा आपटत राहिले तर असाल तसे बाहेर पळा. दिव्यांची उघडझापही करतो आम्ही, पण पुस्तकात डोकं खुपसलेल्या पोराला दिवा दिसत नाही, आणि आग लागली की आधी दिवेच जातात. मागे सामानाच्या खोलीत धूर झाला होता तेव्हा आम्ही सगळे मैदानात पोहोचलो ते या फळ्यांमुळे. त्या दिवशी मी इतकी नाचले की आठवडाभर गुडघे धरून चालत होते.

सोमवारी प्रत्येक ठोक्याला सगळा वर्ग मागे वळत होता. कोण बोलावतंय, काय झालं? मंगळवारीही तेच. धाकट्या वर्गातली दोन मुलं रडून रडून झोपून गेली. गुरुवारी वळणं थांबलं. मला हायसं वाटलं, चला, सवय झाली एकदाची. मग मी पाय आपटला. कुणीही पाहिलं नाही. चार वेळा आपटल्यावर पुढच्या बाकावरच्या एकीने मान वर केली, तीही तिची पेन्सिल खाली पडली म्हणून.

आता यंत्र जाईल. पण तिथे तुमच्या उंचावरून जाणाऱ्या रेल्वेचा खांब येणार आणि त्याच्यावरून जन्मभर दर थोड्या वेळाने गाडी जाणार. यंत्रावरच्या तुमच्या इंजिनिअरला, तो जाड भिंगांचा चष्मेवाला मुलगा, त्याला मी विचारलं की आमच्या शाळेचा विचार केला होता का. त्याने लगेच अहवाल काढून दाखवला. मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या इमारती ओळीने. दवाखाना, काळजी घ्यावी. वाचनालय, काळजी घ्यावी. आणि आमच्यासमोर: आवाजाचा त्रास, लागू नाही. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. तर त्याने अगदी अदबीने कागदावर लिहून दिलं, 'मॅडम, मुलांना ऐकू येत नाही ना, म्हणून.'

दुसऱ्या कुणाच्या खात्यात हे झालं असतं तर मी पोट धरून हसले असते. पण तू लहानपणी मला हाक मारायला फळीवर उड्या मारायचास, आणि आई ओरडायची की खालचे लोक वर येतील. तुला माहीत आहे की जमीन हेच आमचं ऐकणं आहे. तो खांब तिथून हलव. बाकी मला तुझ्याकडून काही नको.

ताई

२९ जून

माननीय मुख्य आखणीकार साहेब,

आपला मेसेज मिळाला. 'त्या टप्प्याचं काम माझ्याकडे नाही. मी त्यात पडू शकत नाही. समजून घे.' समजून घेतलं. समजून घेण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

चष्मेवाल्याकडून बाकीचंही कळलं. शहरातल्या मार्गाची सगळी आखणी तुझी. फक्त आमचा टप्पा, बाजारापासून जुन्या टाकीपर्यंतचा, तू पहिल्याच दिवशी सोडलास. बहिणीची शाळा तिथे, वडिलांचं घर तिथे, उद्या लोक नावं ठेवतील, तेव्हा तो दुसऱ्याने आखावा असं तू स्वतः होऊन सांगितलंस. गणिताच्या बाई तर भारावूनच गेल्या. म्हणाल्या, आजच्या काळात इतका सरळ माणूस! मी म्हटलं, हो, सरळच आहे, फूटपट्टी गिळल्यासारखा.

मला राग कशाचा आलाय ते स्पष्ट सांगते. एवढ्या मोठ्या शहरातून तू रेषा ओढलीस. आणि जिथली जमीन कशी बोलते हे तुमच्या पाच मजल्यांत एकट्या तुला ठाऊक होतं, नेमकी तेवढीच जागा सोडून सोवळं नेसून बाजूला उभा राहिलास. तुझ्या हाताला डाग लागला नाही. आमच्या पायाखालची जमीन गेली.

आणि मी काही अडाणी हट्ट धरून बसलेली नाही. मी वाचलंय. या वेगाची गाडी एकदम वळत नाही. इथे रेषा दगड टाकण्याएवढी सरकवायची तर वळण कितीतरी मागून घ्यावं लागेल, आणि मग ती गिरणीच्या चाळींवरून जाईल. चाळींतली माणसं उठवून माझी शाळा वाचवा असं मी म्हणणार नाही. रेषा तिथेच राहू दे. मी खांबाबद्दल बोलतेय.

वडिलांच्या घराचा उल्लेख केलास म्हणून तेही बोलते. बाबा गेल्यावर पंधरा दिवसांत तू गिऱ्हाईक घेऊन आला होतास. घर विकू, तू माझ्याकडे चल, एकटी कशी राहशील, दारावरची बेल तरी कळेल का तुला? मी तेव्हा सांगितलं होतं की बेल वाजवणाऱ्यांना मी बोलावतच नाही, ज्यांना यायचंय ते दाराला धक्का मारून येतात. घर सोडणार नाही म्हटलं होतं आणि सोडलं नाही. आजही सकाळी सात वाजता त्याच स्वयंपाकघरात चहा करते, गल्ली ओलांडते आणि शाळेत जाते. तुझ्या काळजीवाचून चार वर्षं माझं काही अडलं नाही.

आता अडलंय, पण ते माझं नाही. सत्तर मुलांचं आहे.

आपली,
मुख्याध्यापिका

११ जुलै

ढब्बू,

आज विशेष काही नाही. घराच्या मागच्या दाराला तेल दिलं, ते पावसाळी हवेने फुगतं. स्वयंपाकघराच्या खिडकीला नवीन जाळी लावून घेतली. ओट्याची एक फरशी हलत होती ती बसवली. शेजारचा शिंपी विचारत होता, घर रंगवताय का, कुणी पाहुणे येणारेत का? मी म्हटलं, सहजच.

सहज नव्हतं. कालपासून मी नुसती या घरातून फिरतेय आणि हात लागेल ते दुरुस्त करतेय. म्हणून शेवटी लिहायला बसले.

काल मी आणि गणिताच्या बाई खांबांच्या खुणा बघत बाजारापासून चालत आलो. तुमच्या लोकांनी रस्त्यावर लाल फुल्या मारल्यात ना, त्या. बाईंना सवयच आहे, पावलं मोजल्याशिवाय त्यांना चालता येत नाही. एक फुली, मग ठरावीक अंतर, मग दुसरी फुली. सगळी अंतरं सारखी. आणि बाजाराच्या फाटकापासून पुढे आलो तर बाई थांबल्या. म्हणाल्या, मोठ्या बाई, हे चुकलंय. फाटकापासून शाळेच्या भिंतीपर्यंतचं अंतर आखूड होतं, आणि भिंतीपासून पुढच्या फुलीपर्यंतचं चांगलंच लांब. चिखल चुकवताना माणूस एक पाऊल आखूड टाकतो आणि मग ढेंग टाकतो, तसं. मागे सगळं सारखं, पुढे सगळं सारखं, फक्त आमच्याच इथे ठेच.

मी चष्मेवाल्याला गाठलं आणि विचारलं, इथे खांबाने काय चुकवलंय? त्याचा चेहरा खुलला. जणू मी विचारायची तो वाटच बघत होता. त्याने कागद घेतला आणि भराभर लिहिलं. सारख्या अंतराने खांब गल्लीच्या पलीकडे येत होता. 'सरांच्या घरावर. तुमच्याच घरावर, मॅडम! मी भिंतीपर्यंत मागे घेतला. इथे आवाजाची अडचण नव्हती, म्हणून सोपं पडलं. सरांना सांगितलं नाही, त्यांना आवडत नाही असलं. पण तुम्ही त्यांच्या ताई, तुम्हाला कळायला हवं.'

आणि तो हसत उभा राहिला, कौतुकाची वाट बघत. मी काय करणार? त्याला घरी नेऊन चहा पाजला. त्याच स्वयंपाकघरात. तो भिंतीकडे, छताकडे बघून मान डोलवत होता. म्हणाला, फार छान घर आहे, वाचलं ते बरं झालं.

तू त्याला काही सांगितलं नव्हतंस, यावर माझा विश्वास आहे. तू सांगितलं असतंस तर कुणीतरी 'नाही' असं म्हणू तरी शकलं असतं. कुणीच कुणाला काही सांगितलं नाही. साहेबाच्या घराला धक्का लागू नये एवढी एकाची अदब, साहेबाचं नाव स्वच्छ राहावं एवढी साहेबाची काळजी, आणि या दोन भल्या माणसांच्या मधे आमची शाळा. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोरही नाही.

मी गप्प बसले तर कुणालाही कळणार नाही, हे काल चहाचे कप विसळताना माझ्या मनात आलं. आलं म्हणजे चांगलं ठाण मांडून बसलं. या घरासाठी मी सख्ख्या भावाशी बोलणं सोडलं. आई गेली ती याच घरात, बाबा शेवटी दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसत. मला भीती वाटली, ढब्बू. गाडीची नाही, माझीच.

आज सकाळी शाळेत गेले. यंत्र दोन दिवस बंद आहे तरी अजून धाकट्या वर्गातली तीन मुलं माझ्या पायाला दाद देत नाहीत. त्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतलंय. खांब मुळात जिथे येत होता तिथेच गेला पाहिजे, ढब्बू.

ताई

२४ जुलै

ढब्बू,

तुझं पत्र आलं. चार पानी! ऑफिसच्या कागदावर नाही, साध्या कागदावर. अक्षर अजून तसंच आहे, मुंगी शाईत पडून चालत गेल्यासारखं. दोनदा वाचलं. आता उत्तर ऐक, म्हणजे वाच.

चष्मेवाल्याला रागावलास ते चुकलं. बिचारा माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा भिंगांमागे डोळे लाल होते. तो काही लबाड नाही. तुमच्याकडे वरच्याचं मन न विचारता ओळखणाऱ्यालाच शाबासकी मिळत आलीये, तो तेच शिकला. त्याला मी कामाला लावलंय. म्हटलं, यंत्र आण माझ्या घरी. तो दचकला. 'सरांना विचारावं लागेल.' मी लिहिलं, 'सरांची ताई सांगतेय.' त्याला ते पटलं. बघ, तुमच्या खात्यात कसं चालतं ते!

तर मंगळवारी यंत्र आपल्या मागच्या अंगणात आलं. कपडे वाळत घालायचे खांब काढावे लागले. नळी तेवढीच, वजन तेच, ठोकणारी माणसंही तीच. मी त्यांच्यावर घर सोपवलं आणि शाळेत जाऊन वर्गात उभी राहिले. मला घड्याळ बघून ठाऊक होतं की ते ठोकायला लागलेत. गणिताच्या बाई खिडकीतून मला खूण करत होत्या, पडला, पडला, आता पडला. मुलं गणितं सोडवत होती. एकही डोकं वळलं नाही. मी चप्पल काढून उभी राहिले. तळव्यांना अगदी बारीक काहीतरी लागलं, दूरच्या रस्त्यावरून ट्रक जावा तेवढं. मग मी पाय आपटला आणि सगळी वळली. मला काय वाटलं ते सांगू? आनंद झाला, आणि त्याच क्षणी कळलं की आपलं घर गेलं. दोन्ही एकदमच झालं. मुलं विचारत होती, बाई, का बोलावलं? मी सांगितलं, काही नाही, करा गणितं.

आता तुझे मुद्दे. तू लिहितोस, शाळेलाच दुसरीकडे मोठी जागा देऊ, नवी इमारत, लिफ्टसकट. ती जागा मी बघून आले. शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे आहे. आमच्या निम्म्या मुलींना घरचे दारातून दिसणाऱ्या शाळेत मोठ्या मिनतवारीने पाठवतात. तिथे पाठवणार नाहीत. इमारत नवी होईल आणि वर्ग रिकामे. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना लिफ्ट दिसते, बस दिसत नाही.

आणि तू लिहितोस, 'ते आईबाबांचं घर आहे, ताई, असं एकदम कसं बोलतेस?' वा रे वा! चार वर्षांपूर्वी तेच घर पंधरा दिवसांत निघालं होतं ना विकायला? तेव्हा आईबाबांचं नव्हतं? मला हसूही आलं आणि रडूही. इतकी वर्षं आपण दोघं एकाच घरासाठी भांडलो, आणि दोघांनाही ते हवंच होतं, हे आता कळतंय, ते पाडायच्या वेळी.

आणखी एक. नदीकडच्या उंच इमारतींच्या लोकांचा वकील मला भेटून गेला. त्यांना हा मार्गच नकोय, खिडकीतून नदी दिसायची बंद होते म्हणून. त्याला खांब सरकल्याचा वास लागलाय. म्हणाला, मार्गावरच्या हरकतींची सुनावणी आहे, तिथे एवढंच सांगा की मुख्य आखणीकाराने स्वतःचं घर वाचवायला खांब मुक्या मुलांच्या भिंतीला लावला. सगळा मार्ग रद्द होतो की नाही बघा, शाळाही वाचली आणि तुमचं घरही. म्हणजे तू सोडून सगळे वाचतात. त्याला मी चहा पाजला नाही. आमची मुलं मुकी नाहीत, एवढं मात्र लिहून दाखवलं.

पण हे नीट लक्षात घे. खांब का सरकला ते सुनावणीत मी सांगणार आहे. वकिलाची गोष्ट सांगणार नाही, झालं ते सांगणार. त्यात तुझी नोकरी जाऊ शकते, हे मला माहीत आहे, आणि ते माहीत असूनही सांगणार आहे. तू समोर बसलेला असशील. आधी कळवून ठेवावं म्हणून हे लिहिलं.

ताई

८ ऑगस्ट

ढब्बू,

सुनावणीला तू होतासच, तरी झालेलं लिहून काढतेय. कारण तू सगळा वेळ टेबलाकडे बघत होतास आणि संपल्यासंपल्या निघून गेलास. तुला मुख्य गोष्टी दिसल्याच नाहीत.

आमचा नंबर दुपारी लागला. तोपर्यंत मी लोकांची तोंडं बघत बसले. भांडणारी माणसं ओठांवरून वाचायला सोपी असतात, सगळं तोंडभरून बोलतात. उंच इमारतींचा वकील मात्र ओठ मिटून बोलतो, त्याचं अर्धं सुटलं. माझं नाव पुकारलं तेव्हा गणिताच्या बाईंनी मला कोपर मारलं, आणि मी त्यांना घेऊन पुढे जाऊन उभी राहिले. माझ्या हातांचं बोलणं त्या मोठ्याने सांगणार, असं ठरलं होतं. 

मी फळ्यांचं सांगितलं, यंत्राचं सांगितलं. अध्यक्षबाई लक्ष देऊन बघत होत्या, बाईंकडे नाही, माझ्याकडे. हे फार थोडे लोक करतात. मग मी म्हटलं, मुख्य आखणीकार माझा धाकटा भाऊ आहे.

तुझी मान इथे आणखी खाली गेली. वकील ताडकन उठला. त्याचं तोंड मला स्पष्ट दिसलं, 'लबाडी! ही उघड लबाडी आहे!' मी त्याला हातानेच बसवलं. वर्गात बसवते तसं. आणि बसला तो! मी म्हटलं, लबाडी असती तर सोपं होतं, माणूस बदलून काम भागलं असतं. माझ्या भावाने हा टप्पा सोडून दिला, कारण त्याला स्वतःच्या घरावर मेहेरनजर करायची नव्हती. मग त्याच्यासाठी ती दुसऱ्यांनी केली, न सांगता. तो दूर राहिला म्हणून हे झालं. तेव्हा त्याला काढून टाका असं मागायला मी आलेली नाही. त्याला जवळ आणा.

अध्यक्षबाईंनी विचारलं, तुमची मागणी नेमकी काय? मी म्हटलं, मागे सगळे खांब सारख्या अंतरावर आहेत, पुढेही आहेत. आमच्या इथेही तसेच करा. रुळांखाली रबराच्या गाद्या घाला, दवाखान्याजवळ घालणार आहात तशा. बस.

'सारख्या अंतराने खांब कुठे येतो?'

'माझ्या स्वयंपाकघरात.'

त्यानंतर काय झालं ते मला ऐकू आलं नाही, पण दिसलं. एवढा वेळ हॉलमध्ये कुठे ना कुठे तोंडं हलत होती. ती सगळी थांबली. शिंपी मागच्या रांगेत होता, त्याने तोंडावर हात ठेवला. वकील कागद चाळायला लागला, पण त्यात काही शोधत नव्हता.

आणि तू उठलास. माझ्याकडे पाठ होती तुझी, तेव्हा ओठ दिसले नाहीत. मी बाईंकडे पाहिलं. बाईंनी हाताने सांगितलं, 'साहेब म्हणतात, तो टप्पा मला परत द्या.' मला वाटलं त्या चुकल्या. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि पुढे, 'साहेब म्हणतात, मी दूर राहिलो ते स्वतःच्या नावासाठी. माझ्या कामावर हवा तर दुसरा माणूस नेमा तपासायला, पण खांब मी आखतो.' हे सांगताना बाई रडत होत्या, त्यामुळे खुणा गिचमिड झाल्या. नीट सांगा म्हणून मी त्यांना दटावलं.

तुला टप्पा मिळाला, वर तपासायला एक खडूस म्हातारा मिळाला, हे तुला माहीतच आहे. तुला माहीत नाही ते हे, की मी दारापर्यंत तुझ्या मागे धावले. तुला हाक मारायला मी त्या हॉलच्या जमिनीवर पाय आपटला. दगडी जमीन. तुला काही कळलं नाही, आणि माझी टाच दुखावली.

रागावून गेलास की रडायला गेलास?

ताई

३ सप्टेंबर

ढब्बू,

तुझं पत्र आणि नवा नकाशा दोन्ही पोहोचले. रडायला गेला होतास, हे वाचून बरं वाटलं. मी दुष्ट आहे असं म्हण हवं तर.

नकाशा गणिताच्या बाईंनी टेबलावर पसरून पट्टीने तपासला. शाळा दोन खांबांच्या बरोबर मधे, दोन्हीकडून सारखी लांब. बाई म्हणाल्या, उत्तम, पैकीच्या पैकी. मग त्यांनी तो खाली जोडलेला दुसरा नकाशा बघितला आणि माझ्याकडे सरकवला.

तो दुसरा कशाला पाठवलास रे? बाजारापासून टाकीपर्यंतची सगळी ओळच थोडी पुढे सरकवायची. अंतरं सारखीच राहतात, शाळेलाही धक्का नाही, आणि आपलं घर सुटतं. तू लिहितोस, नियमात बसतं, खडूस म्हातारासुद्धा हरकत घेणार नाही. बसत असेल. पण सगळी ओळ पुढे गेली की खांब कुणाच्या घरात जातो, ते तू लिहिलेलं नाहीस. मी बघितलं. शिंप्याच्या. त्याचं मशीन आहे ना खिडकीशी, तिथेच.

मी तुझ्यावर चिडलेली नाही. तो दुसरा नकाशा काढताना तुझं काय झालं असेल ते मला कळतं, कारण कप विसळताना माझंही तेच झालं होतं. पण मग तुझ्यात आणि चष्मेवाल्यात फरक काय राहिला? त्याने तुझ्यासाठी केलं, तू माझ्यासाठी करतोस. शिंप्यासाठी कोण करणार? त्याचा भाऊ तुमच्या खात्यात नाही. तो नकाशा मी चुलीत घातला. म्हणजे चूल नाही आपल्याकडे, गॅसवर धरला आणि ओट्यावर काळा डाग पडला. आता डागाची काळजी कशाला करायची म्हणा.

घर दोघांच्या नावावर आहे, तेव्हा दोघांनी संमती द्यायची आहे. माझी झाली. शाळेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या बघून ठेवल्यात, वरचा मजला, लाकडी जिना. कुणी वर आलं की मला जिन्यावरून कळेल. सामान बांधायला घेतलंय. बाबांची खुर्ची तू ने. आईची पितळी भांडी मी ठेवते, तुझी बायको ती घासणार नाही आणि मला भांडायला नवीन विषय नकोय.

तू लिहितोस की सही करायला हात उठत नाही, आणि जागेवर खूण करायला चष्मेवाल्याला पाठवतो. नाही. सही एकवेळ पोस्टाने पाठव. पण शनिवारी रंगाचा डबा घेऊन तू स्वतः ये. दार उघडं असेल. स्वयंपाकघर रिकामं करून, झाडून, पुसून ठेवते. मधोमध, जिथे आपण दोघं जेवायला बसायचो, तिथे फुली मारायची आहे, आणि ती तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही मी मारू देणार नाही.

ताई